हंसदेवांचा ग्रंथ आणि दयेच्या आधीचं ज्ञान



18 जून 2025 ला सोलापुरात मारुती चितमपल्ली गेले. ‘रानवाटा’, ‘चकवाचांदण’, ‘पक्षिकोश’ ही त्यांची पुस्तकं बऱ्याच जणींच्या घरात असतील. जंगल खात्यात त्यांनी अख्खी नोकरी काढली. 2006 च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि गेले त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. हे सगळं वर्तमानपत्रांत छापून आलं. पण त्यांचं एक काम आपल्या समाजातल्या फार थोड्या बायकांना ठाऊक आहे, म्हणून आज त्यावर लिहिते. हंसदेव नावाच्या जैन कवीचा ‘मृगपक्षिशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. 1993 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो प्रसिद्ध केला. चितमपल्लींची घरची भाषा तेलुगू. संस्कृत ते जुन्या पद्धतीने, शास्त्री-पंडितांपुढे बसून शिकले होते. असा माणूस होता म्हणून हा ग्रंथ मराठीत आला.

जनावरं काय खातात, एकमेकांशी कशी बोलतात, कधी माजावर येतात, पिल्लं कशी वाढवतात, याचा अभ्यास आज विद्यापीठांत होतो. त्याला प्राणिवर्तनशास्त्र असं भारदस्त नाव आहे. पण याच प्रश्नांची यादी घेऊन सुमारे 700 वर्षांपूर्वी एक जैन कवी लिहायला बसला होता.

शिकारीला निघालेला राजा

हंसदेव तेराव्या शतकातले मानले जातात. ग्रंथामागची कथा अशी. जिनपूरचा राजा शौडदेव लवाजमा घेऊन शिकारीला गेला. माणसांच्या गलक्याने रान जागं झालं. पाखरं उडाली, जनावरं पळाली. ते सगळं रूप बघून राजाचं मन शिकारीवरून उडालं आणि या प्राण्यांची नीट माहिती कोणी लिहून देईल का, असं त्याने विचारलं. ताराचंद नावाच्या मंत्र्याने हंसदेवांना आणलं.

हंसदेवांनी सुमारे 1,700 श्लोक रचले. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात चार पायांची जनावरं आणि दुसऱ्यात पक्षी, असे मिळून दोनशेहून जास्त प्राणी त्यात येतात. एकेकाचं रंगरूप, स्वभाव, खाणं, आवाज, माजाचा काळ, गाभण राहणं, पिल्लं, आयुष्य असं क्रमाने सांगितलं आहे. मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे मला ते खतावणीसारखं वाटलं. प्रत्येक प्राण्याच्या नावाने एक खातं उघडलंय आणि रकाने सगळीकडे तेच.

पुढे हा ग्रंथ बराच काळ विस्मरणात गेला. विसाव्या शतकात तिरुपतीचे शिलालेखतज्ज्ञ विजयराघवाचार्य यांना त्याची हस्तलिखित प्रत मिळाली आणि 1927 मध्ये सुंदराचार्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं. मराठी वाचकापर्यंत तो यायला त्यानंतरही साठेक वर्षं लागली.

आता ग्रंथ जुना आणि आपल्या धर्मातल्या कवीचा, म्हणून त्यातलं सगळं खरं असं मी म्हणणार नाही. सिंहाचंच बघा. हंसदेव सिंहाचे सहा प्रकार सांगतात. सिंह, मृगेंद्र, पंचास्य, हर्यक्ष, केसरी आणि हरी. ज्यांनी शाळेत अमरकोश पाठ केला असेल त्यांच्या लगेच लक्षात येईल की ही तर सिंहाची सहा नावं, तीही त्याच क्रमाने. म्हणजे एकाच गिऱ्हाइकाची सहा टोपणनावं आणि वहीत सहा खाती! भारतातला सिंह एकाच जातीचा, आणि तो आज गीरच्या आसपासच उरला आहे.

वयांचं तर आणखी मजेशीर आहे. हंसदेव घोड्याला 25 वर्षं देतात, गाईला 20, कुत्र्याला 10, बकरीला 9. ही सगळी वयं जवळपास बरोबर आहेत. पण मोराला ते 6 वर्षं देतात आणि गेंड्याला 22. मोर आणि गेंडा दोघंही त्याहून पुष्कळ जास्त जगतात. मला यातून एक गोष्ट दिसली. जी जनावरं दावणीला होती, दारात होती, त्यांची वयं बरोबर आली. जी रानात होती त्यांची चुकली. कारण दारातलं जनावर जन्मापासून मरेपर्यंत डोळ्यांसमोर असतं. रानातलं क्षणभर दिसतं आणि निघून जातं. हत्तीला मात्र त्यांनी पुरी 100 वर्षं दिली. हत्ती साधारण साठ-सत्तरपर्यंत जातो. तो दारात झुलत असूनही त्याचं वय चुकलं, कारण तिथे मोजण्यापेक्षा गौरव जास्त होता, असं मला वाटतं.

चुका असल्या तरी ग्रंथाचं मोल कमी होत नाही. त्या काळात जनावरांवर लिहिणारे बहुतेक जण त्यांचा उपयोग सांगत. कुठला हत्ती लढाईचा, कुठला घोडा शुभलक्षणी, कुणाचं मांस कशावर औषध. हंसदेवांच्या रकान्यांत त्या प्राण्याचं स्वतःचं जगणं येतं. तो काय खातो, कुणावर प्रेम करतो, कधी चिडतो.

पाठशाळेत पाठ केलेलं

जैन कवीने असा ग्रंथ लिहिला यात नवल नाही. आपण लहानपणी बस्तीच्या पाठशाळेत जे घोकलं तेच आठवून बघा. ‘तत्त्वार्थसूत्रा’चा दुसरा अध्याय दिगंबर-श्वेतांबर दोघांनाही मान्य. त्यात जीवांची वाटणी इंद्रियांवर केली आहे. झाडाला एकच, स्पर्शाचं. अळीला त्यात चव वाढली. मुंगीला वास. भुंग्याला डोळे. आणि गाय, हत्ती, माणूस यांना कानासकट पाचही. जन्म कसा होतो त्याचीही वाटणी आहे. वारेत गुंडाळून जन्मणारे जरायुज, अंड्यातून येणारे अंडज, वारेशिवाय जन्मताच चालू लागणारे पोत.

मग चार संज्ञा. आहार, भय, मैथुन, परिग्रह. आपण त्या पोपटासारख्या म्हणायचो आणि मैथुन शब्द आला की मुली खाली मान घालून हसायच्या. पण थांबून बघितलं तर प्राण्यांचं वर्तन अभ्यासणारा आजचा शास्त्रज्ञ हेच तर बघतो. काय खातात, कशाला भितात, जोडी कशी जमवतात, काय साठवून ठेवतात. आणि भाषा? पर्याप्ति आठवा. आहार, शरीर, इंद्रिय, श्वासोच्छ्वास, भाषा, मन. यातली भाषा पर्याप्ति दोन इंद्रियांच्या जीवापासून पुढे सगळ्यांना सांगितली आहे. अळीलासुद्धा. समवसरणात वाघ-गाई एकत्र बसून दिव्यध्वनी आपापल्या भाषेत समजून घेतात असं आपण मानतो, त्यातही हेच गृहीत धरलेलं आहे की जनावराला भाषा असते.

इंद्रियांचं कोष्टक आजच्या विज्ञानाशी तंतोतंत जुळत नाही. मुंगीला डोळे असतात, भिंगाखाली स्पष्ट दिसतात. पण तिचं सगळं जग वासावर चालतं हे खरं. पोटातून गंध सोडत ती वाट आखते आणि मागच्या मुंग्या त्या वासावर चालतात. आपण ओट्यावरची रांग ओल्या फडक्याने पुसली की त्या गोंधळून इकडेतिकडे फिरतात, कारण आपण त्यांचा रस्ताच पुसलेला असतो.

निरीक्षणातून नियम कसा आला असेल याचं माझ्या मते सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे उंबर. आपल्याकडे वड, पिंपळ, उंबर अशी पाच उदुंबर फळं वर्ज्य. मद्य, मांस, मधाच्या जोडीने ती आठ मूलगुणांत येतात. कारण काय सांगतात, तर आत त्रस जीव असतात. उंबर फोडून बघा, खरंच बारीक किडे भिरभिरतात. ते फळ सडल्यामुळे आलेले नसतात. ज्याला आपण उंबर म्हणतो ती खरं तर बंद पिशवी, आणि फुलं तिच्या आत असतात. गांधीलमाशीच्या कुळातली तिळापेक्षा लहान मादी टोकाच्या बारीक भोकातून आत शिरते. शिरताना तिचे पंखही तुटतात. आत ती फुलांना पराग देते, अंडी घालते आणि तिथेच मरते. त्या अंड्यांतून आधी बिनपंखांचे नर निघतात. मादीशी संग करून, तिला बाहेर पडायला बोगदा कोरून ते आतच संपतात. बाहेरचा उजेड बहुतेकांनी पाहिलेलाही नसतो. पंखवाल्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात उडतात. झाडाशिवाय माशी नाही, माशीशिवाय झाडाला बी नाही. आपल्या पूर्वजांकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. त्यांनी फळ फोडलं, आत हलणारे जीव बघितले आणि ते पानावर घेतलं नाही.

मधाचंही तसंच. मधमाशी नाचून बोलते हे ऑस्ट्रियाच्या कार्ल फॉन फ्रिश यांनी दाखवलं. फुलांचा साठा सापडलेली माशी पोळ्यात परत येते आणि अंग हलवत सरळ रेषेत चालते, वळून पुन्हा तेच करते. त्या रेषेचा कल म्हणजे सूर्याच्या मानाने दिशा, आणि ती जितका वेळ अंग हलवते तितकं अंतर लांब. 1973 मध्ये फ्रिश यांना लोरेन्झ आणि टिनबर्गेन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. माश्यांना खुणा करून, काचेचं पोळं लावून ते वर्षानुवर्षं फक्त बघत बसले होते. पोळ्यातला मध म्हणजे त्या माश्यांनी फुलं नसलेल्या दिवसांसाठी केलेला साठा. आपल्या फळीवरच्या डब्यांसारखाच.

आपल्या कोल्हापूरचे चित्ते

जनावराची माहिती काढायचा दुसराही एक मार्ग होता, आणि तो आपल्या गावात फार जवळून दिसला. कोल्हापूर दरबारात शिकारीचे चित्ते होते. शाहू महाराजांचं आपल्या समाजावर मोठं ऋण आहे. 1901 मध्ये जैन मुलांचं वसतिगृह त्यांच्याच आश्रयाने उभं राहिलं. ते शिकारीचे शौकीन होते हेही तितकंच खरं. नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं आपण सगळ्यांनी मुलांना दाखवली आहेत. चित्त्याच्या डोळ्यांवर झापड बांधून त्याला गाडीतून माळावर न्यायचं, काळवीट दिसलं की झापड काढून सोडायचं. त्याने काळवीट पाडलं की लाकडी पळीतून थोडं रक्त पाजून त्याला शिकारीपासून बाजूला करायचं. हे करणारी माणसं चित्त्याचा राग-लोभ, त्याची भूक, त्याचा दम सगळं ओळखून असत.

पण एक गोष्ट त्यांनाही साधली नाही. चित्त्याला पिल्लं होत नसत. बादशहा अकबराने हजारापर्यंत चित्ते जमवले होते. त्यांचा जोडा जमावा म्हणून खटपट केली, जमला नाही. जहांगीराने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की एकदा एक नर गळ्याचा पट्टा सोडवून मादीकडे गेला आणि अडीच महिन्यांनी तीन पिल्लं झाली. त्यानंतर बंदिवासात चित्त्याची पिल्लं जन्मल्याची पुढची ठळक नोंद 1956 ची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. म्हणजे साडेतीनशे वर्षं गेली. कारण नंतर कळलं. चित्त्याची मादी पिल्लांना घेऊन एकटी फिरते, नर वेगळे राहतात, आणि ती तिला हवा तो नर निवडते. नर-मादीला शेजारी-शेजारी साखळीला बांधून ठेवलं तर दोघांना एकमेकांत रस उरत नाही.

याचा परिणाम काय झाला? दरबारातला प्रत्येक चित्ता रानातून पकडून आणलेला. शेकडो वर्षं रान नुसतं उपसलं गेलं, परत भर पडली नाही. काळविटांचे माळ नांगराखाली गेले, बंदुका आल्या, आणि विसाव्या शतकात कोल्हापूर आणि भावनगरसारखी संस्थानं आफ्रिकेतून चित्ते मागवू लागली. 1947 च्या सुमारास आजच्या छत्तीसगडमधल्या कोरियाच्या राजाने तीन चित्ते मारले, तेच भारतातले शेवटचे मानले जातात. 1952 मध्ये चित्ता भारतातून संपल्याचं सरकारने जाहीर केलं. इतक्या लाडाने सांभाळलेलं जनावर, आणि त्याला वंश वाढवायला काय लागतं ते कुणी विचारलंच नाही.

बायको पसंत करते तो खोपा

बंदूक खाली ठेवून बघणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्रातलं मोठं नाव सलीम अलींचं. त्यांची गोष्ट शौडदेव राजासारखीच सुरू होते. लहानपणी छऱ्यांच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही कुठली, असं विचारायला मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत, म्हणजे बीएनएचएसमध्ये गेले आणि तिथेच पक्ष्यांच्या नादी लागले. पुढेही संग्रहासाठी पक्षी मारणं त्यांना करावं लागलं, तो त्या काळातल्या शास्त्राचा भागच होता. पण त्यांचं ज्या कामाने पहिल्यांदा नाव झालं ते नुसत्या बघण्याचं होतं.

1930 मध्ये ते अलिबागजवळ किहीमला राहत होते. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर त्यांनी ती जवळून बघितली. आपण चांगला स्वयंपाक करणारीला सुगरण म्हणतो आणि पाखरालाही तेच नाव देतो. बहिणाबाईंच्या कवितेमुळे तर खोपा म्हटलं की मायच डोळ्यांपुढे येते. सलीम अलींनी दाखवलं की खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत-बाहेर करून विणकाम तपासते. पसंत पडला तरच राहते. मग नर खालची लांब नळी पुरी करतो, मादी अंडी घालते, आणि हे महाशय शेजारी दुसरा खोपा विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी! अंडी उबवणं आणि बहुतेक सगळं भरवणं तिच्याच वाट्याला. न पटलेले अर्धे खोपे तसेच लोंबत राहतात.

हे वाचून माझ्या बहिणीने विचारलं, “म्हणजे तिथेही सगळं बाईवरच का?” मी म्हटलं, “हो गं, पण घर पसंत करायचा हक्क तरी तिचा आहे.”

जे आपल्या कानाला ऐकू येत नाही

आता हत्तीविषयी लिहिते. त्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

हत्तीबद्दल आपल्या देशाला फार जुनं ज्ञान होतं. हत्तीचा मद म्हणजे काय, तो कधी येतो, गंडस्थळातून काय झरतं, त्या दिवसांत त्याच्याशी कसं वागावं हे संस्कृत ग्रंथांतून शतकानुशतकं लिहिलेलं आहे. आफ्रिकेतल्या हत्तीलाही असाच मद येतो हे शास्त्रज्ञांनी 1981 मध्ये सिद्ध केलं, तोवर त्यांना ते मान्यच नव्हतं. पण एक गोष्ट आपल्या माहुतांनाही नीट कळली नव्हती. 1984 मध्ये केटी पेन नावाच्या बाई अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींपाशी बसल्या होत्या. हत्ती आशियाई, आपल्याकडचेच. त्यांना हवेत एक धडधड जाणवली, पण आवाज ऐकू येईना. त्यांना आठवलं की चर्चमध्ये गाताना ऑर्गनच्या सगळ्यात जाड नळीपाशी उभं राहिलं की असंच जाणवायचं. यंत्रावर ध्वनी टिपून तपासल्यावर कळलं की हत्ती एकमेकांशी इतक्या खालच्या सुरात बोलतात की माणसाच्या कानाला तो लागत नाही. हा सूर कित्येक किलोमीटर जातो.

बोलणाऱ्या या हत्तिणी कोण असतात? आई, मावशी, आजी, बहिणी. हत्तिणींचा कळप हे बायकांचंच कुटुंब. नर मोठा झाला की बाहेर पडतो, मुलगी सहसा जन्मभर आईच्याच गोतावळ्यात राहते. सगळ्यात वडीलधारी हत्तीण पुढे चालते, कारण पाणी कुठे आहे ते तिला आठवतं. 22 महिने पोटात वाढवून एकच पिल्लू होतं आणि त्याला सगळ्या मिळून सांभाळतात. दिवसातला बहुतेक वेळ चालत चालत चरण्यात जातो.

मैत्रिणींनो, हे वाचताना तुम्हालाही तिचीच आठवण आली असणार. नांदणी मठाची महादेवी, आपली माधुरी. 1992 पासून ती मठात होती. जुलै 2025 च्या अखेरीस न्यायालयाच्या आदेशाने तिला जामनगरच्या वनतारात नेलं, तेव्हा आपल्या गावागावांत बायका रडल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत हजारो लोक चालत आले. ते प्रेम खरं होतं, याबद्दल मला शंका नाही. तिला नेऊ द्या म्हणणारे तिच्या पायांच्या आणि एकटेपणाच्या गोष्टी सांगत होते, आपण आपल्या श्रद्धेच्या. वर्तमानपत्रांत, बस्तीत, घराघरांत सगळीकडे तीच चर्चा. त्या सगळ्यात हंसदेवांच्या रकान्यांतले प्रश्न मला फारसे ऐकू आले नाहीत. ती दिवसभरात किती चालते? तिच्या पायाखाली माती आहे की फरशी? तिने खालच्या सुरात हाक मारली तर ओ द्यायला दुसरी हत्तीण कुठे आहे?

कोर्टाचा निकाल बरोबर की चूक, यात मी शिरत नाही. नांदणीतच हत्तीसाठी पुनर्वसन केंद्र करण्याची बोलणी पुढे झाली. असं केंद्र आपल्याकडे होवो अशी माझीही इच्छा आहे. पण ते करताना पहिला प्रश्न मिरवणुकीचा नसावा. तिच्याबरोबर आणखी किती हत्तिणी असतील, चालायला किती मोकळी जागा असेल, डुंबायला पाणी आणि पायांना माती असेल का, रोज हिरवा चारा किती येईल, हे आधी लिहून काढावं आणि त्याला वर्गणी गोळा करावी. आपल्या समाजाने ठरवलं तर पैसा कमी पडत नाही, हे आपण पंचकल्याणकाच्या वेळी नेहमी बघतो.

घरातलं काय

आपल्या शास्त्रांत ज्ञान आधी आणि दया नंतर, असा क्रम सांगितलाय. ज्याला जीव कोण, अजीव कोण हेच कळत नाही तो कोणाला वाचवणार, असा त्याचा अर्थ. मी तो घरापुरता लावून बघते.

आपण गच्चीवर पाखरांना दाणे टाकतो. मोठी चिमणी दाणे खाते, पण तिची पिल्लं पहिल्या दिवसांत अळ्या आणि बारीक किड्यांवर वाढतात. आपल्याला ऐकायला बरं वाटत नाही, पण तिची आहारसंज्ञा तिची आहे, तिला आपण व्रत देऊ शकत नाही. तेव्हा चिमण्या हव्या असतील तर दाण्यांपेक्षा जास्त उपयोग अंगणातल्या देशी झुडपांचा, औषध न फवारलेल्या मातीचा आणि पाण्याच्या पसरट मातीच्या भांड्याचा. कबुतराचं उलटं. कबुतराचे आई-बाप दोघंही आपल्या घशातल्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार करून पिल्लांना देतात. किड्यांची गरज नाही, त्यामुळे बारा महिने धान्याचा ढीग मिळाला तर बारा महिने अंडी. एकाच चौकात पोती ओतल्याने कबुतरं किती वाढतील याचा हिशेब ओतणाऱ्याने करायला नको का? पुण्य करताना हिशेब नको असं म्हणतात, पण जीवांच्या बाबतीत तो हवाच.

येत्या चातुर्मासात आपण हिरव्या भाज्या सोडू, रात्रीचं पाणी सोडू. त्याबरोबर पाठशाळेतल्या मुलांकडून एक वही करून घ्यावी असं मी आमच्या बस्तीतल्या बायकांना सुचवलं आहे. प्रत्येक मुलाने घराजवळचा एकच जीव निवडायचा. मुंगी, पाल, बुलबुल, दारची म्हैस, काहीही. चार महिने त्याला हात न लावता बघायचं आणि लिहायचं. काय खातो, कुणाला भितो, कसा ओरडतो, पिल्लांना कसं वाढवतो, काय साठवतो. रकाने हंसदेवांनी आखून दिलेलेच आहेत. चातुर्मासाच्या शेवटी त्या वह्या बस्तीत मांडू. बक्षीस चांगल्या अक्षराला नको, ज्याने सगळ्यात जास्त दिवस बघितलं त्याला देऊ.